जोड सीडी प्लेयर आणि बाबांचे हात

आमच्या साउंड सर्व्हिसमध्ये आवाज बरोबर आहे की नाही हे ठरवणारा माणूस जवळजवळ बहिरा होता. ते माझे बाबा. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती. शेकडो साचे एकदम धडधडत असताना तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे सगळे कामगार हातांनी आणि ओठांनी बोलत. संप झाला, गिरणी सुटली, पण गेलेले कान काही परत मिळाले नाहीत. असा माणूस आवाज काय तपासणार, असं तुम्ही म्हणाल. पुढे मीही अगदी हेच म्हणालो आणि तोंडावर आपटलो.

संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. सुरुवातीला बाबा रोज गिरणीच्या गेटवर जाऊन यायचे. मग दिवसाआड, मग सभा असेल तेव्हा, आणि शेवटी लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायला लागले. आई खाणावळीचे डबे करून घर ओढत होती. रिकाम्या बसलेल्या पुरुषाबद्दल चाळीत जे जे बोललं जातं ते त्यांना ऐकू येत नव्हतं, एवढाच काय तो बहिरेपणाचा फायदा.

मी बारावीला दोनदा गचकलो आणि साउंडच्या धंद्यात पडलो. पडलो हाच शब्द योग्य आहे. माझ्याकडे दोन टेपरेकॉर्डर होते. एकाचं झाकण तुटलेलं, त्यामुळे कॅसेट बोटाने दाबून धरावी लागे. दुसरा मामाने मस्कतहून आणलेला, तो तापला की गाणं आजारी माणसासारखं कण्हायला लागायचं. आणि भोईवाड्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बनवून दिलेला मिक्सर. त्याला चार बटणं होती, त्यातलं एक कशाचं हे बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. कॅसेटी आदल्या दिवशी पेन्सिलीने फिरवून गाण्याच्या तोंडाशी आणून ठेवायच्या, एक गाणं संपलं की दुसरी घालायची. मधे दहा-पंधरा सेकंद सगळं शांत. त्या शांततेची मला इतकी लाज वाटायची की मी तेवढ्यात माइक घेऊन काहीतरी बडबडायचो. डब्यावर मी लाल रंगाने ‘डीजे’ असं लिहून घेतलं होतं. तरी लोक मला भोंगेवालाच म्हणत.

आमच्याच चाळीत एक हळद होती, माझं जेमतेम तिसरं काम. मी सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली होती, कारण जितका आवाज तितका धंदा ही माझी समजूत. बाबा वर गॅलरीच्या लाकडी कठड्यावर हात ठेवून बसले होते. थोड्या वेळाने ते खाली आले, चौकात लोकांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून पालथा हात दोनदा खाली दाबला. आवाज कमी कर. मी बापाचं ऐकलं, म्हणजे निव्वळ सवयीने ऐकलं. आणि एवढा वेळ भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या बायका नाचायला लागल्या.

नंतर मी त्यांना विचारलं, कसं कळलं? त्यांनी सांगितलं की बायका बोलताना एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊ लागल्या की आवाज जास्त झाला. म्हाताऱ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या की बेस जास्त. कठडा हाताखाली थरथरतोय आणि लोक मात्र हलत नाहीत, म्हणजे गाणं चुकलं. त्यांना गाणं कुठलं हेसुद्धा कळत नसे. त्यांचं लक्ष माणसांवर असायचं.

तेव्हापासून ते प्रत्येक कामाला येऊ लागले. परळ, करी रोड, माझगाव, कुठेही काम असो, बाबा गर्दीच्या पार मागे, आणि मी पुढे डब्याशी. मूठ छातीवर म्हणजे बेस वाढव. बोटं फिरवली म्हणजे गाणं बदल. दोन मनगटं एकावर एक आडवी धरली म्हणजे गिरणीतलं साचा थांबव, धागा तुटलाय; माझ्यासाठी, सगळं बंद कर. कामाच्या दिवशी ते सकाळीच दाढी करायचे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचे आणि आईकडून डबा भरून घ्यायचे, हळदीचं जेवण असलं तरीही. शेजारणीने विचारलं की आई सांगायची, हे कामावर गेलेत. कित्येक वर्षांनी ते वाक्य आमच्या घरात पुन्हा आलं होतं. आई ते जरा मोठ्यानेच म्हणायची.

हे असं आठेक वर्षं चाललं. मग मला डीजे व्हायची हुक्की आली.

तोवर बाजारात सीडी आल्या होत्या. दादरच्या एका हॉलमध्ये मी एका खऱ्या डीजेला पाहिलं. केस मागे बांधलेले, एका कानावर हेडफोन, दुसरा कान उघडा, आणि गाण्यातून गाणं निघत होतं, मधे सुईच्या टोकाएवढीही जागा नाही. मी जेवायचं सोडून त्याच्या मागे उभा राहिलो. त्याने दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा मला पाणी आणायला सांगितलं. मी आणलंही.

पुढच्या दिवाळीपर्यंत मी माझं सगळं जुनं सामान एका नवशिक्याच्या गळ्यात मारलं आणि लॅमिंग्टन रोडवरून जोड सीडी प्लेयर आणि खरा मिक्सर घेऊन आलो. मिक्सरवर हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांच्या रांगा होत्या, आवाज जास्त झाला की लाल पेटायचा. गाण्याचा वेग वाढवायला आणि कमी करायला दांडी होती. मी ती पेटी घरात मधोमध ठेवली आणि आईला सांगितलं, हात लावू नकोस. आईने तिच्यावर स्वच्छ फडकं घातलं आणि त्यावर पापड वाळत टाकले.

महिनाभर मी हेडफोन लावून दोन गाण्यांचे ठोके जुळवायला शिकत होतो. घरच्यांना आवाज येत नव्हता. त्यांना दिसत होता फक्त एक अठ्ठावीस वर्षांचा माणूस, डोळे मिटून मान हलवणारा. आईने एकदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि याच दिवसांत मी ते केलं. वरळीच्या कोळीवाड्यातलं हळदीचं काम आलं होतं, नव्या सामानाचं पहिलं. आदल्या संध्याकाळी बाबा शर्टाला इस्त्री करत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, कारण त्यांना ओठ दिसावे लागत, आणि म्हणालो, “बाबा, आता मीटर आहे. दिवे बघून आवाज कळतो. तुम्ही उगाच दगदग करू नका, घरी बसा.”

त्यांनी इस्त्री उभी केली. म्हणाले, “माका लिवन देतलंस?”

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो. गिरणीने त्यांना कधीच काही लिहून दिलं नव्हतं, काढलं असंही नाही आणि ठेवलं असंही नाही, हे मला माहीत होतं. तरी मी हसलो. त्यांनी शर्टाची दुसरी बाही इस्त्री करून पुरी केली.

कोळीवाड्यातली हळद चार वाजता सुरू झाली. मांडव गच्च भरलेला, बायका हिरव्या लुगड्यांत, अंगावर सोनं, पोरांनी टोप्या घातलेल्या. मी गॉगल लावला होता. हे लिहिताना माझे कान गरम होतायत, पण लावला होता. पहिलं गाणं सुरू केलं, दुसरं त्याच्या पोटात घातलं, तिसरं दुसऱ्याच्या. पोरं नाचत सुटली. कुठेही फट नाही, कुठेही शांतता नाही. माझ्या आयुष्यातली सगळी जुनी लाज मी त्या दिवशी धुऊन काढत होतो.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. नवऱ्याचा काका हात वर करून माझ्याकडे बघत काहीतरी ओरडला. मी दाद समजलो. त्याला अंगठा दाखवला आणि आवाज वाढवला. दिवे हिरवेच होते.

कोळ्यांच्या हळदीत काय रीत असते हे मी एवढी कामं करूनही कधी विचारलं नव्हतं, कारण कधी अडलंच नव्हतं. नवऱ्याला पाटावर बसवलं की घरातली सगळ्यात म्हातारी बाई हळदीची जुनी गाणी म्हणते, आणि तिचं म्हणून झाल्याशिवाय कोणी हळदीत बोट बुडवत नाही. माझ्या डब्याच्या काळात अशी म्हातारी दोन कॅसेटींच्या मधल्या शांततेत उभी राहायची, बायका मला हाताने थांबवायच्या, आणि काम होऊन जायचं. आज या घरची म्हातारी नवऱ्याच्या शेजारी उभी होती आणि गाणं संपायची वाट बघत होती. मोठी भिडस्त बाई. तिला वाटत होतं, एवढं संपू दे. आणि मी शिकलो होतो ते एकच, संपू न देणं. नवरा पाटावर उघड्या अंगाने पाऊण तास बसून होता. वाटीतली हळद वाळायला लागली होती.

यातलं काहीच मला दिसलं नाही असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. ते खोटं आहे. म्हातारी दिसली नाही, हे खरं. पण बाबा दिसले. सगळ्यांच्या मागे, वाळत घातलेल्या जाळ्यांजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून. न बोलावता बसने आले होते. दोन्ही मनगटं एकावर एक आडवी धरून, हात डोक्याच्या वर नेऊन ते उभे होते. आमची नजरानजर झाली. सगळ्यांसमोर माझा बाप मला अजून शिकवतोय याचा मला इतका राग आला की मी मान खाली घातली आणि पुढचं गाणं चढवलं.

पुन्हा वर बघितलं तेव्हा ते जागेवर नव्हते. नाचणाऱ्यांच्या मधून, कुणाला धक्का न लावता, ते सरळ माझ्या टेबलाच्या मागे आले, वाकले आणि बोर्डातला प्लग ओढला.

सगळे दिवे विझले. पोरांचे हात वर तसेच राहिले. मी काहीतरी घाणेरडं बोललो, बाबांना, त्यांच्या तोंडावर, आणि त्यांना ओठ वाचता येतात हे त्या क्षणी मला आठवलं नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण मी त्यांच्यासमोर उभं राहूनच बोललो. त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाठ केली आणि पाटाकडे बघून त्या म्हातारीला हाताने सांगितलं, सुरू कर.

तिने सुरू केलं. आवाज पातळ, मधेच फुटणारा, आणि सबंध मांडव त्यात गप्प बसला. दोन कडव्यांनी बाकीच्या बायकांनी साथ धरली. नवऱ्याच्या आईने डोळे पुसले. मी हातात बंद हेडफोन घेऊन उभा होतो. ते गाणं ऐकू न येणारा मांडवात एकच माणूस होता, आणि सगळे कसे ऐकतायत हे तो बघत होता. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकाने बाबांना खुर्ची दिली, पुढच्या रांगेत. मला नंतर प्लग लावायला सांगितलं, आणि गॉगल काढ असंही सांगितलं.

त्यानंतर बाबा आपणहून कामाला आले नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही. दोन-तीन कामं मी दिव्यांवर केली. दिवे हिरवे असायचे आणि लोक बसलेले असायचे. आई आता शेजारणीला काहीच सांगत नव्हती. ते गॅलरीत स्टुलावर बसायचे, दाढी वाढलेली. मी पेटी घेऊन बाहेर पडलो की वाट द्यायला पाय आत घ्यायचे, एवढंच.

शेवटी मी एका सकाळी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. माफी मागायची होती, पण जमलं नाही. म्हणालो, “रविवारी करी रोडला काम आहे. तुम्ही या.”

त्यांनी माझे ओठ वाचले. मग विचारलं, “कायम की बदली?”

बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभा राहणारा, कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरता आत घेतला जाणारा, नाहीतर घरी पाठवला जाणारा. बाबांनी ऐन उमेदीची सहा वर्षं तशी काढली होती. मला हे ठाऊक होतं, पण मी त्यांना आठ वर्षं तसंच ठेवलं होतं, हे त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, “कायम.”

त्यांनी कानाला हात लावला, कळलं नाही अशी खूण केली. मी तोंड नीट उघडून पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. मला रडू यायला लागलं होतं, त्यामुळे तिसऱ्यांदा शब्द धड फुटला नाही. ते उठले, आत गेले आणि आईकडे दाढीला गरम पाणी मागितलं. मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हाच कळलं होतं त्यांना.