कुंची आणि विकतचं अस्वल

सोलापुरात लोकरीचं दुकान टाकलं तेव्हा शुक्रवार पेठेतले लोक हसले होते. इथली थंडी पहाटे येते आणि दहाच्या उन्हाला निघून जाते. स्वेटर घेणार कोण? मी दुकान चालवलं ते तान्ह्या बाळांच्या जिवावर. डोकं, मान आणि पाठ एकत्र झाकणारी कुंची बाराही महिने लागते. माझ्या क्रोशाच्या कुंच्या न्यायला मैंदर्गीहून, मोडनिंबहून बायका येतात. भावावरून भांडतात, मीही भांडते, शेवटी घेऊन जातात. पण विणीला कोणी नाव ठेवलेलं मला आठवत नाही.

ते ठेवलं माझ्या पोटच्या पोरीनं.

ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. जावई दिल्लीला नोकरीला. बाळाची मान जेमतेम सावरू लागली आणि नेमक्या थंडीच्या तोंडावर तिचं परत जायचं ठरलं. लेक बाळ घेऊन सासरी निघते तेव्हा आमच्यात बाळंतविडा देतात. त्यात बाळाचे कपडे असतात आणि ते आजीच्या हातचे असावेत अशी रीत आहे. मी मऊ पिवळी लोकर कधीची बाजूला काढून ठेवली होती. एका दुपारी लेक दुकानात आली, बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

“आई, हे पॅटर्न मी विकत घेतलेत. तू फक्त बघून कर.”

विकत घेतले होते. लोकरीच्या दुकानात वाढलेल्या पोरीनं विणायची कृती कुठल्या तरी परक्या बाईकडून घेतली, तीही भाव न करता.

इंग्रजी ती वाचत गेली, आकृत्या मला कळतात. पहिली अस्वलाची टोपी, वर दोन गोल कान. सगळी वीण उंच खांबांची, म्हणजे लांब टाक्यांची, दोन खांबांत बोट जाईल एवढी फट. मी म्हणाले, “ही टोपी आहे का चाळण? दिल्लीचा वारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडेल.” दुसरा स्वेटर, डोक्यावरून ओढून घालायचा. गळा एवढासा, आणि बटणं पाठीवर. उताणं झोपणाऱ्या पोराच्या पाठीवर बटणं देणाऱ्या त्या बाईनं कधी मूल निजवलं होतं की नाही कोण जाणे. तिसरे पायमोजे. त्यांची शिवण बरोबर तळव्याच्या मधोमध.

“फोटोत किती छान दिसतंय बघ की,” लेक म्हणाली.

“घातलंय कुणाला ते बघ. बाहुलीला. बाहुली रडत नाही.”

मी पिवळ्या लोकरीची कुंची सुरू केलेली होती, ती तिच्यापुढे टाकली. वीण इतकी दाट की उजेडाला धरली तरी पलीकडचं दिसू नये. तिनं हात फिरवला, आणि मग गळ्याची दोरी बोटात धरली.

“ही नको. गळ्याभोवती आवळते. डॉक्टरांनी दोरीचं काही घालू नका म्हणून सांगितलंय.”

“तू दोरीतच वाढलीस की. काय वाईट झालं?”

“तुझ्यासमोर आवाज फुटत नाही, ते दोरीनंच झालं असेल.”

मला लई राग आला. मी म्हणाले, कुंची दोरीसकटच होईल, नाहीतर होणार नाही. माझा हा शेवटचा भाव असतो आणि तो गिऱ्हाइकांना माहीत आहे.

तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. बाळ उचललं. “राहू दे मग. तिथं तयार मिळतं सगळं.” आणि दुकानाची पायरी उतरली.

हा डाव माझाच होता. ठोक व्यापाऱ्याकडे लोकर घेताना मी असंच करते. उठायचं, पायरी उतरायची, मागं वळून बघायचं नाही. समोरचा हाक मारतोच. ती लहानपणी माझं बोट धरून हे बघत आली होती. गिऱ्हाइकाला मी आजवर कधी हाक मारलेली नाही. गेलं तर गेलं. पण ती बोळाच्या तोंडाशी पोहोचली, वळली नाही, आणि तिच्या खांद्यावरून बाळाचं उघडं डोकं दिसत होतं.

मी हाक मारली.

परत येऊन बसली तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे तिनं बरं केलं. दोरी गेली. तिच्या जागी छातीवर आडवी येणारी रुंद पट्टी आणि कडेला दाबाची बटणं ठरली. स्वेटर समोरून उघडणारा, पायमोज्याची शिवण वरून. अस्वलाला मात्र मी ठाम नाही म्हटलं. कान बिन काही लावणार नाही. तिनं मान हलवली. दोरी मी त्याच संध्याकाळी उसवली. इतक्या वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून टाका बदलला नव्हता, आणि तो बदलताना दातओठ खात होते, खोटं कशाला सांगू. पट्टी दोरीपेक्षा चांगली बसली याचा आणखी राग आला.

ती दिल्लीला गेली. थंडी पडल्यावर फोटो आला. बाळ माझ्या पिवळ्या कुंचीत, गाल लाल झालेले. आणि कुंचीच्या डोक्यावर तपकिरी लोकरीचे दोन गोल कान.

मी लगेच फोन लावला.

“कान कुणी लावले?”

“मी.”

“विणले कुणी?”

“मीच. इथंही लोकर मिळते की.”

क्रोशाची सुई तिनं उभ्या जन्मात हातात धरली नव्हती. शाळेत असताना किती वेळा समोर बसवली, दर वेळी पाणी पिऊन येते म्हणून गेली ती आलीच नाही. मी फोटो मोठा करून बघितला.

“डावा कान खाली घसरलाय.”

“मला नाही दिसत.”

“मला दिसतोय. आणि दोऱ्याचं टोक बाहेर लोंबतंय. पोरगं तोंडात घालेल. उसव ते.”

मला वाटलं, आता ही पुन्हा पायरी उतरते, फोन ठेवते.

“उसवून मग काय करू?”

“व्हिडिओ कॉल लाव. सुई घेऊन बस.”

“आत्ता? बाळ झोपलंय.”

“म्हणूनच आत्ता,” मी म्हणाले.