गूळ शेवटी टाकायचा असतो

काल संध्याकाळी नातसुनेनं मासा केला. बर्फाच्या खोक्यातून आलेला, गाजराच्या रंगाचा, सामन की काय म्हणतात तो. काटा नाही, डोकं नाही, शेपूट नाही. हा जीव कधी पाण्यात पोहत होता यावर विश्वास बसावा असं त्याच्या अंगावर काही म्हणून ठेवलेलं नव्हतं. वरून मध, लसूण आणि कसलासा काळा खारट रस. "आजी, एकदम सोपं आहे, इकडे भात होईस्तोवर तिकडे मासा तयार," ती म्हणाली, आणि खरंच झाला. मी बाहेरच्या खोलीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. तव्यावर तो मध आटायला लागला आणि वास आला. गोड काहीतरी लसणीच्या संगतीनं करपायच्या अगदी बेतात येतं ना, त्या घडीचा वास. तुम्हाला सांगते, आधी आठवण आली नाही. आधी राग आला. चांगला जुना, मुरलेला राग. कुणावरचा, हे आठवायला मग दोन-चार शेंगा जास्तीच्या सोलाव्या लागल्या.

माझं सासर केळापूरच्या अंगाला, काळ्या जमिनीचं, कापसाचं. जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, आणि पाणी म्हणाल तर विहिरीत डोकावून पाहायचं. माहेर मुकुटबनच्या पलीकडे, पैनगंगेच्या जवळ. आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की आधी नदीकडे चालतं. माझी आई नदीतली मरळ मासोळी करायची ती अशी : जाड तुकडे हळद-मीठ लावून जवसाच्या तेलात दोन्ही अंगांनी परतून काढून ठेवायचे. त्याच तेलात ठेचलेली लसूण आणि लाल मिरची, मग चिंचेचा कोळ. कोळ आटत आला की चुलीतला जाळ ओढून घ्यायचा, नुसता बाभळीचा निखारा ठेवायचा, आणि मग गूळ. गूळ विरघळतो, फसफसतो, तुकड्यांना लपेटून घेतो, चकाकायला लागतो. त्याच घडीला भांडं उतरवायचं. पुढं गेलात की कडू, अलीकडे थांबलात की नुसतं सार. एवढंच काय ते. पण हे एवढंच सासरी मला कधी करता आलं नाही.

कारण सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मांस-मासोळी उंबऱ्याच्या आत यायची नाही, आणि जिनं तिला हात लावला तिनं त्या दिवशी घरच्या चुलीला शिवायचं नाही. पुरुषांना मात्र खायला हवी. म्हणून गुरांच्या कोठ्यामागे तीन दगड मांडलेले होते आणि तिथं रांधायचे ते पुरुषच. आमच्या घरात हा मान भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. आम्ही बायांनी मसाला वाटून मागच्या दारातून वाटी पुढं करायची आणि पाठ फिरवायची. बकरं ते बरं शिजवत, नाही कशाला म्हणू? पण मासोळीलाही ते बकरंच समजत. तांब्याभर पाणी, मूठभर तिखट, आणि गावातली सगळी वाळकी पऱ्हाटी एकदम चुलीत.

महाराष्ट्र व्हायच्या थोडा आधीचा हिवाळा असेल. पावसाळ्यात आई गेली होती, आणि ती गेल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले. माझा थोरला मुलगा झाला होता, त्यामुळं लेकीच्या घरी जेवायची आडकाठी उरली नव्हती. बैलबंडीतून उतरले ते ओल्या पोत्यात गुंडाळलेली मरळ हातात घेऊन. नदीवरच्या भोयाकडून पहाटे घेतलेली, पोत्यात अजून शेपूट हलवत होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुया मायसारखी कर बाई. तिच्यामागं कोनं केलीच नाही." माणूस एकदम लहान दिसत होता. सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली होती, आणि ती लावून देणारं घरात कुणी नव्हतं.

मी सासूबाईंना विचारलं. त्या वाईट नव्हत्या हो. जाऊबाई माहेरी गेलेल्या, आणि सासूबाईंचं मनगट सुजलेलं. ते पुढं करून म्हणाल्या, "तू तिले हात लावशीन तं भाकरी कोन थापन? पाव्हन्याले उपाशी धाडू काय?" मी मसाला वाटला, गुळाचा खडा वेगळा ठेवला, वाटी मागच्या दारातून पुढं केली आणि परातीशी येऊन बसले.

आता आमची आणखी एक रीत सांगते, म्हणजे माझी दशा कळेल. भासऱ्यांपुढं पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही. पण घर चालवायचं तर बोलणं अडतंच, म्हणून आम्ही सुना गायीशी बोलायचो. सैपाकघराची खिडकी कोठ्याकडे उघडायची. गाय खिडकीखाली, भासरे गायीपलीकडे. गायीला सांगायचं, ऐकायचं त्यांनी.

"काय वो गाय," मी खिडकीतून म्हटलं, "मासोळी म्हनजे बकरं नसते. पानी नोको तिले."

"गाये," भासरे चुलीकडेच पाहत म्हणाले, "तुया जन्माच्या आधीपासून मी हंडी चढवून राह्यलो."

"बाभयीचं लाकूड घ्या म्हना, गाये. निखारा लागते."

"बाभूय आंघोयीच्या पान्याले हाये. पऱ्हाटी काय कमी जयते?"

"आनं गूळ शेवटी टाकतात. आत्ता टाकला तं करपते."

"या गायीले आज झालं काय? चारा टाकला नाही काहून कोनं हिले?"

आमचे हे जवळच बाजेवर बसले होते. ते हसायला लागले. "दादा, गाय म्हनते ते आयकून तं पाय." भासरे म्हणाले, "गाईनं दूध द्यावं. अक्कल मांगतली काय मी तिले?" दोघं भाऊ खो खो हसले. माझी भाकरी तव्यावर फाटली. बारा कोसांवरून एक म्हातारा आपल्या मेलेल्या बायकोची चव हातात घेऊन आला होता, आणि मी त्या चवीपासून एका भिंतीच्या अंतरावर होते.

मग बाबाच उठून चुलीशी जाऊन बसले. भासऱ्यांनी आदरानं विचारलं, "पाव्हने, तुमच्याकडं कशी करत होत्या जी?"

बाबा म्हणाले, "आधी गोड लागे. मंग तिखट."

"ते खाल्ल्यावरचं झालं जी. कशी करत होत्या?"

बाबांनी जाळाकडे पाहिलं. "मी कवा पायलं?" ते म्हणाले. आणि खिडकीकडे मान वळवून, "बाई, तूच सांग ना मले."

बाबांशी बोलायला मला कुणाची बंदी नव्हती. हे आधीच कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. "बाबा, जाळ ओढा," मी ओरडले, "निखाऱ्यावर ठेवा भांडं!" बाबांनी घाईघाईनं काड्या ओढल्या. पण पऱ्हाटीचा निखारा कुठं पडतो? भडकते आणि राख होते. जाळ होता तो गेला आणि खाली काहीच उरलं नाही. भासऱ्यांनी लगेच नवी मोळी सारली, तीन दगडांतून भडका वर आला, आणि तेवढ्या धांदलीत सगळा गूळ पडला भांड्यात. आधी फेस आला, मग धूर. खिडकीतून करपल्याचा वास आला आणि मी परात बाजूला सारून डोळे पुसले. धुराच्या नावावर.

बाबांनी सगळं खाल्लं. काळ्या पडलेल्या तुकड्यांचा काटा न काटा चोखला, आणि म्हणाले, "चांगली झाली." भासऱ्यांची छाती फुगली. मला सगळ्यांचा राग आला. भासऱ्यांचा, हसणाऱ्या नवऱ्याचा, त्या माळेचा, त्या सुजलेल्या मनगटाचा, पऱ्हाटीचा; आणि खोटं बोलणाऱ्या बाबांचाही. सकाळी बंडीत बसण्याआधी त्यांनी गायीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "हिचं कोनी आयकत नाही वाटते." मला हसूही आलं नाही.

तो राग मी चार-सहा महिने जपला. उन्हाळ्यात माहेरी गेले ती मनाशी सगळं ठरवूनच. भोयाकडून मरळ आणवली. आईची चूल सारवली, आईचंच भांडं घासलं, बाभळीचा लालभडक निखारा पाडला. मधे भिंत नव्हती, गाय नव्हती, कुणाचा मान नव्हता. कोळ आटला, गूळ शेवटी टाकला, तुकडे आरशासारखे चकाकले, आणि नेमक्या घडीला मी भांडं उतरवलं. बाबांना वाढलं आणि समोर बसून राहिले.

त्यांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहून, अगदी मायेनं म्हणाले, "लय चांगली झाली बाई. तुया हाताले चव हाये." थोडं थांबून म्हणाले, "तिची निराळी होती."

नदीवरून वारा येत होता, निखाऱ्यावर राखेची साय धरत होती. इतके महिने मला वाटत होतं की आईची चव आहे, कुठेही गेलेली नाही, फक्त लोक मला ती करू देत नाहीत. त्या दिवशी चूल माझी होती, लाकूड मनासारखं होतं, हात माझा होता. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं; रागावायला कुणीच नव्हतं. मग मी बाबांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, आणि आई गेल्यावर पहिल्यांदा तिच्यासाठी रडले.