हरलेल्या कमलची आभारफेरी

साकीनाक्याच्या त्या वॉर्डात कमल सोनटक्के निवडून आली, हे सगळ्यांत आधी जाहीर केलं ते तिच्या भाच्याने, चैतन्यने. आणि एकट्याच त्याने. मावशी आघाडीवर आहे एवढं कळताच हा मतमोजणी प्रतिनिधीचा बिल्ला मिरवत हॉलबाहेर आला, बेंजो पार्टीच्या बाळदादाला म्हणाला, होऊन जाऊ दे, आणि गुलालात माखून नाचू लागला. गावाकडे, रिसोडच्या शाळेत गॅदरिंगला कमावलेली सगळी विद्या त्याने त्या रस्त्यावर उधळली.

आत तेवढ्यात, बाजूला ठेवलेलं एक मतदानाचं मशीन शेवटी मोजायला घेतलं. त्याचं सील धड नाही, अशी दुसऱ्या एका अपक्षाच्या माणसाने ओरड केली. तरी ते मोजलं, आणि कमल एकोणीस मतांनी हरली. फेरमोजणी मागायची ती निकाल जाहीर व्हायच्या आत, आणि तिच्या बाजूने मागणारा तर बाहेर नाचत होता. कमल स्वतः घरी होती, कारण तू आराम कर, मी आहे ना, असं तिला यानेच सांगितलं होतं. दारातल्या पोलिसाने त्याला पुन्हा आत सोडलं नाही. बेंजो गाण्याच्या मध्येच थांबला.

तेव्हापासून चैतन्य मावशीच्या माळ्यावर तोंड लपवून होता.

कमल लग्न होऊन या गल्लीत आली. नवरा गेल्यावर शाळेचे युनिफॉर्म शिवू लागली. कुणाचं पोर कमरेत वाढलं आणि कुणाचं वाळलं, हे तिला आयांच्या आधी कळायचं. निवडणुकीला उभी राहिली ती तुंबलेल्या गटारापायी. ना पक्ष, ना पैसा. चिन्ह तेवढं नेमकं मिळालं, शिलाई मशीन.

निकालानंतर गल्ली म्हणाली, सगळं आधीच ठरलेलं असतं यार. शेजारचे भाऊराव मतदानाला इस्त्रीचे पांढरे कपडे घालून रांगेत पहिले उभे राहणारे. तेही म्हणाले, यापुढे आपल्या बोटाला शाई लागायची नाही. हरल्यावर न रडलेल्या कमलला हे मात्र लागलं. आपल्यापायी म्हाताऱ्याचा मतावरचा विश्वास उडावा, हे तिला सोसेना.

त्या मशीनबद्दल कोर्टात करायचा अर्ज वकिलाकडे देऊन ती घरी आली आणि भाच्याला माळ्यावरून खाली बोलावलं.

"बेंजोवाल्यांचं अर्धं वाजवणं बाकी आहे ना रे?"

"मावशी, चेष्टा नको करू."

"चेष्टा तू केलीस. मी आभारफेरी काढतेय."

आभारफेरी जिंकलेला काढतो, हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

"मतं मलाही पडलीत," ती म्हणाली. "त्यांचे आभार काय तो मानणार?"

रविवारी बाळदादाने आधीच बजावलं, हरल्याचं गाणं आमच्याकडे नाही. मग काहीतरी साधं वाजवत फेरी निघाली. पुढे हात जोडून कमल, मागे मान खाली घालून चैतन्य. पहिल्या वळणापर्यंत लोक हसले. मग मासळीवाली द्रौपदी दारात येऊन म्हणाली, "मी तुला मत दिलं नव्हतं गं. पण गटार माझ्याही दारात तुंबतं." पाटी खाली ठेवून ती सोबत चालू लागली. मग दारं उघडत गेली.

नव्या नगरसेवकाच्या ऑफिससमोर कमलने बेंजो थांबवला. त्याच्या पोरांनी बाह्या सरसावल्या. तो दारात आला तशी ती म्हणाली,

"अभिनंदन, भाऊ. त्या मशीनचं काय ते कोर्ट बघेल. गटाराचं तू बघायचंस. सोमवारी आम्ही येतोय."

किती जण, असं त्याने हसत विचारलं. कमलने वळून पाहिलं नाही. चैतन्यने पाहिलं. गल्ली भरली होती. वळणापलीकडे, कारखान्यांच्या गाळ्यांच्या पायऱ्यांपर्यंत माणसं होती. एकही घोषणा नाही, कुणी नाचत नाही. सगळे नुसते उत्तराची वाट पाहत उभे. इतकी माणसं इतकी शांत उभी राहू शकतात, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांत भाऊराव होते, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मतदानाच्या रांगेत उभे असल्यासारखे.

नगरसेवकाचं हसू विरलं. "या," तो म्हणाला.

परतताना भाऊराव कमलला म्हणाले, "पुढच्या मोजणीला या पोराला आतच बांधून ठेव."

चैतन्यने मान वर केली. म्हातारा पुढच्या मोजणीचं बोलत होता.

घरापाशी बाळदादाने विचारलं, त्या दिवशीचं विजयाचं गाणं अर्धंच राहिलं, पुरं करू का?

"आज नको," कमल म्हणाली. "तेवढं तुमच्याकडे बाकी राहू दे."

बाळदादाने मान डोलावली आणि बेंजोवर कापड टाकलं.