मशीनचं वय

"आदी त्याले त्याचं वय विचार," काका म्हणायचे. "मंग हात लाव."

वय म्हणजे सर्व्हर शेवटचा सुरू केल्यापासून सलग किती दिवस चालतो आहे, तो आकडा. कोणत्याही ऑफिसात गेले की काका दाराशी चपला काढत, सर्व्हरच्या डब्यावर तळहात ठेवून तो किती तापलाय ते पाहत, आणि आत शिरता आलं की सगळ्यात आधी ती बारकी खिडकी उघडून आकडा वाचत. दोनशे-तीनशे दिवस असले तर स्वारी खूश. दोन दिवस निघाले की चष्म्यावरून ऑफिसभर नजर फिरवत. "परवा कोनं बंद केलता हा?" मग झाडताना वायर निघाल्याचं कोणीतरी कबूल करायचंच.

त्या चपलांचं मला फार हसू यायचं. आमच्याकडच्या छोट्या धंद्यांत सर्व्हर ठेवतात कुठे, तर जिन्याखाली, नाहीतर रद्दीच्या खोलीत. एका ठिकाणी तर तो जुन्या मोरीत होता. तिथेही चपला बाहेर.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात तुम्ही पाहिला असेल. त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर नसतं, पण तो आला नाही तर दुकान उघडून उपयोग नसतो. काका मूळचे बार्शीटाकळीचे. अकोल्यातल्या कितीतरी दाल मिल, बियाण्यांची दुकानं, ट्रान्सपोर्टवाले आणि दवाखाने यांचं नेटवर्क त्यांनी एकट्यानं उभं केलं होतं. मी भातकुलीची. अमरावतीत डिप्लोमा झाल्यावर त्यांच्याकडे काम शिकायला गेले, तेव्हा या धंद्यात मुलगी म्हणजे लोकांना नवलच होतं. पहिल्याच आठवड्यात एका दुकानदारानं मला शिडीवर पाहून तोंड वाकडं केलं. पोरीच्या जातीला वर काय चढवता, म्हणाला. काकांनी हातातली वायर त्याच्या हातात दिली. "शिडी माही आहे, पोरगी माही आहे, वायर तुमची आहे. तुमी वायर पकडा." दुकानदारानं तासभर मुकाट्यानं वायर पकडली.

त्यांचा एकच हट्ट मला कधी पटला नाही. पासवर्ड ते कुठे लिहून ठेवत नसत. पन्नास-साठ ठिकाणचे पासवर्ड, सगळे डोक्यात. "कागद बोलते," ते म्हणत, "डोकं बोलत नाही." एका बियाणेवाल्यानं एकदा धीर करून विचारलं, "काका, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर आम्ही काय करायचं?" काका बशीतला चहा संपवून म्हणाले, "मरायचं असन त आदल्या दिवशी फोन करीन न." सगळे हसले. मीसुद्धा.

पुढे मी अमरावतीत माझं वेगळं काम सुरू केलं. तरी मोठं काम निघालं की काका मला बोलवत आणि मी अकोल्याला जाई. एका दाल मिलचं कामही असंच आलं. जुना सर्व्हर थकला होता, नवा येऊन पडला होता, आणि सगळं ऑफिस जुन्या डोमेनवरून नव्या डोमेनवर न्यायचं होतं. डोमेन म्हणजे ऑफिसातल्या साऱ्या कॉम्प्युटरांचं एकत्र कुटुंब समजा. आत कोण येईल, कोणाला कोणती फाइल दिसेल, ते सर्व्हर ठरवतो. सगळ्यांची खाती जशीच्या तशी नव्या घरात हलवायची, तर जुन्या घराची मुख्य किल्ली लागते. म्हणजे मुख्य पासवर्ड. आणि तो होता काकांच्या डोक्यात.

रविवार होता, मिल बंद. काकांनी चपला काढल्या, डब्यावर तळहात ठेवला. "मांगच्या पोयाच्या सनापासून एकदाही बंद नाही केला याले," ते मला कौतुकानं म्हणाले. मग खुर्ची ओढून त्यांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. चुकला.

"कीबोर्ड खराब आहे," काका म्हणाले. मी दुसरा लावला. पुन्हा तेच.

पासवर्ड टाकताना ते ओठातल्या ओठात पुटपुटत. ही त्यांची जुनी सवय. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे मला कळत होतं की ते दर वेळी तेच टाकत आहेत: त्यांच्या गावाचं नाव आणि त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. बारा-पंधरा वेळा टाकून झालं. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता उघडेल. त्यांनी रुमालानं कीबोर्ड पुसला. चष्मा पुसला. मान काही वर केली नाही.

मिलचे मालक दारात उभे होते. "काकांचं वय झालं आता," ते माझ्या कानाशी म्हणाले, पण काकांना ऐकू जाईल अशा बेतानं. "पुढच्या टायमाले नागपूरहून मानूस बोलावू."

काकांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मी पाहिली. असं कुलूप मोडायची रीत आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. मशीन बंद करायचं, पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, जुना पासवर्ड पुसून नवा बसवायचा. वीस मिनिटांचं काम. मला ते काकांनीच शिकवलं होतं. पण त्यांनी तसं सुचवलं नाही आणि मीही सुचवलं नाही. कुलूप मोडलं म्हणजे किल्ली हरवल्याचं मालकांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं.

"काका, तुमी घरी जाऊन जेवून या न," मी म्हटलं. "डोकं शांत झालं का आठवते."

"अन् तू?"

"मले भूक नाही."

ते गेले. मालकही जेवायला गेले. मी दार लावून घेतलं, मशीन बंद केलं, कुलूप मोडलं. आणि नवा पासवर्ड म्हणून काका जे सकाळपासून टाकत होते, तेच बसवलं. गावाचं नाव, स्कूटरचा नंबर. मग मशीन पुन्हा सुरू केलं, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि काही झालंच नाही अशा तोंडानं बसून राहिले.

काका आले ते माझ्यासाठी डबा घेऊनच. काकूंनी भाकरी आणि पातोडीचा रस्सा दिला होता. त्यांनी पुन्हा चपला काढल्या, पुन्हा तळहात ठेवला, आणि पुटपुटत तेच टाकलं.

उघडलं.

"पाह्य!" काका केवढ्यानं ओरडले. "म्हटलं नव्हतं? डोक्यात आहे म्हटलं होतं का नाही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही. मी तशीच बाहेर पळाले आणि मालकांना फोन लावला, काकांना आठवला बरं का, म्हणून. मालकांना हे सांगण्याची मला कोण घाई झाली होती.

परत आले तेव्हा काका खुर्चीला टेकून बसले होते. आवाज एकदम मऊ झाला होता. "जेवून घे आदी," ते म्हणाले. "भाकर वातड होऊन राहिली." मला वाटलं, दमले असतील. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी खाती नव्या डोमेनवर नेली. जुना सर्व्हर त्यांनी काढू दिला नाही. "महिनाभर बाजूले बसू दे. एकदम हाकलू नये कोनाले."

कितीतरी दिवस मी स्वतःवर खूश होते. आपण फार चांगलं काम केलं, एका माणसाची लाज राखली, असं वाटायचं.

मग एके दिवशी काकूंचा फोन आला. काका देवळात गेलेले पाहून त्यांनी लावला होता. "पोरी, ह्यायच्या ध्यानात राहून नाही राहिलं काही. गॅस तसाच सोडतात. परवा भाजीले गेले अन् हात हालवत आले. डॉक्टरले दाखवू म्हणते, त म्हणतात, मिलचा एवढा जुना पासवर्ड मले आठवला, डोक्याले काय झालं? खरं आहे का हे? आठवला होता त्यायले?"

खरं सांगायची ती वेळ होती. माझ्या तोंडून निघालं, "हो काकू. आठवला होता."

काकूंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरकडे जायचं राहिलं. ते पुढे आठ-नऊ महिने राहिलं, काका स्वतःच्याच गल्लीत घर विचारत उभे राहिले तोवर. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर थोडा वेळ तरी हातात राहिला असता. थोडा म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्या एका "हो"साठी मी स्वतःला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

मी दर पंधरा दिवसांनी जात असे. काका अंगणात बसलेले असत. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू कोनाकडची, बाई?"

"कॉम्प्युटरचं काम करते काका. अमरावतीले."

"असं का?" त्यांचा चेहरा उजळला. "माह्याकडे एक पोरगी होती शिकायले. धडाधड शिडीवर चढे. लय हुशार."

मी "हो का?" म्हटलं आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

या चैत्रात काका गेले. चार दिवस तापाचं निमित्त झालं. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला नाही.

तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले ती मनाशी ठरवूनच. सगळं सांगून टाकायचं, त्या रागावल्या तर रागावू द्यायचं. काकूंनी पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. साधी शंभर पानी वही. "तुले द्यायची म्हणत होते. कामाचं आहे म्हणून म्या उघडली नाही."

कागदावर कधी एक पासवर्ड न लिहिलेल्या त्या माणसानं पानंच्या पानं भरली होती. एकेका गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे पासवर्ड. काही नावांपुढची जागा कोरी होती. तिथे पेन टेकवून, थांबून उचलल्याचे ठिपके होते. अक्षर पहिल्या पानावर ठसठशीत होतं आणि पुढे पुढे विस्कटत गेलं होतं. पहिल्या पानावर वर त्या रविवारची तारीख होती. म्हणजे मिलमधून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी काका वही घेऊन बसले होते.

पहिलंच नाव दाल मिलचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं:

"आठवला नाही. माह्या घरच्या पहिल्या कॉम्प्युटरचा टाकत होतो. पोरीनं मशीन बंद करून तोच बसवला. मशीनचं वय अठरा मिनिटं. तिले बोलू नये."

मी बाहेर फोनवर नाचत होते, तेवढ्यात त्यांनी सवयीनं मशीनला वय विचारलं होतं. ते विचारतील, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनीच तर शिकवलं होतं.

"काय लिहिलं आहे?" काकूंनी विचारलं. त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "लोकायनं लय नावं ठेवली पोरी, शेवटी शेवटी. पन मिलचा पासवर्ड त आठवला होता न त्यायले त्या दिवशी?"

मी वही मिटली.

"हो काकू," मी म्हटलं. "जेवून आले अन् पहिल्याच खेपेले उघडलं त्यायनं."