गिरणीतली कच

दळण आणणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यात गिरणीवाले भाऊ आधी कोपरापर्यंत हात घालायचे. तळाचं धान्य वर काढायचे, हुंगायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि मगच म्हणायचे, "व्हय, ठेवा." खडा लागला तर डबा परत. मग तो सरपंचाचा असो नाहीतर सासुरवाडीचा.

"आवं, उशीर हुतोय," असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं. "घाई केली की पीठ जळतं."

वडूजला आमच्या घरामागेच त्यांची गिरणी होती. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला आक्का. असा पिठानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण संध्याकाळी घरी जाताना भाऊ थंडीतसुद्धा बाहेरच्या नळाखाली डोकं धुवायचे. धाकट्या मुलीला दमा होता. "पोरगी पळत येऊन गळ्यात पडती. लांब हो, असं कसं म्हणू?" कुडकुडत सांगायचे.

चक्कीचे दगड गुळगुळीत झाले की ते छिन्नीनं खाचा पाडून त्यांना टाकी मारायचे. टाकी मारल्यावर पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते. म्हणून पहिलं पायलीभर दळण घरच्या धान्याचं, आणि ते पीठ म्हशीला. बायका हसायच्या, "भाऊ, म्हशीचं दात पडतील की!"

"पडू द्या. ती कुठं सांगत फिरती?"

माझा डबा मात्र ते कधी तपासत नसत. "आक्कानं निवडल्यालं हाय, बघायचं काय त्यात?" म्हणायचे आणि सरळ चक्कीत ओतायचे. मी एका खाणावळीला रोज चाळीस भाकरी देते. त्यावरच माझं घर चालतं.

एकदा आमच्या अंगणात नवा तांबडा मुरूम टाकला होता. वाळत घातलेली ज्वारी वाऱ्यानं चादरीवरून खाली सांडली. मी केरसुणीनं गोळा केली, वरवर पाखडली आणि दळायला दिली. निवडायला वेळ नव्हता. भाऊंनी न बघता ओतली. त्याच आठवड्यात त्यांनी टाकी मारली होती.

दुसऱ्या दिवशी खाणावळीत जेवायला बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालक म्हणाले, "आक्का, भाकरी कचकच लागतीया. कशानं?"

माझ्या तोंडातून गेलं, "गिरणीत टाकी मारलीया."

चार माणसांत मी आयुष्यात फार बोलले नाही. बोलले ते हे एक वाक्य.

घरी येऊन उरलेल्या ज्वारीचं पोतं झटकलं, तर तळाला मुरमाची तांबडी माती. तेव्हाच परत जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं. उद्यापर्यंत गोष्ट बाजारभर झाली होती.

भाऊ दारात आले. हातात घरच्या पिठाचा डबा. "आक्का, तुमच्या पिठात कच गावली म्हणं? मला न्हाई सांगायचं व्हय? हे घ्या, आमचं पीठ. खाणावळ थांबवू नका." मी डबा घेतला. मान वर केली नाही.

मग त्यांनी चक्की खोलून लोकांना दगड दाखवले. लोक बघून गेले आणि दळण स्टँडजवळच्या नव्या गिरणीत घेऊन गेले. मी जात राहिले. माझा डबा त्यांनी त्यानंतरही कधी तपासला नाही. मीच घरी ज्वारी दोनदोनदा निवडायचे.

वर्षभरात गिरणीला कुलूप लागलं. भाऊ सांगलीला एका कारखान्यात रखवालीला गेले. पंधरा दिवसांनी घरी यायचे. अंगाला पीठ नाही, आणि पाठ वाकलेली. या दिवाळीनंतर तिकडेच छातीत दुखून गेले.

दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या. म्हटलं, "वहिनी, ती कच माझ्या ज्वारीतली व्हती."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लोकांना दावायच्या आदी चक्की खोलली, तवाच तांबडा मुरूम गावला त्यास्नी. आमचा दगड काळा. मी भांडायला निघाले व्हते. माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाले, तिच्या भाकरी बंद हुतील, गप बस. म्हणून मी गप बसले." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमाला कुणी गप बसवलं व्हतं?"

मी उठले.

चाळीस भाकरी करायच्या होत्या. त्या केल्या, पाटीत भरल्या आणि खाणावळीत नेल्या. जेवायला माणसं बसली होती. मालक पाटी उतरवून घेत म्हणाले, "आक्का, अशी भाकरी साऱ्या वडूजात न्हाई."

कच माझ्या ज्वारीतली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं. मालकांनी थोडा वेळ वाट बघितली आणि ते भाकरी मोजायला लागले.