'बरं हाय की' आणि मगदूम सर

मगदूम सरांचा पेशंटवर काडीचा विश्वास नव्हता. हे मला त्यांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मणक्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेले एक धिप्पाड आजोबा समोर बसले होते. "कसं हाय पावणं?" सरांनी विचारलं. "बरं हाय की!" आजोबांनी खणखणीत आवाजात सांगितलं. सरांनी मान डोलावली, त्यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लागताच सोबत आलेल्या आजींकडे वळले. "आता तुमी सांगा. झोपत्यात कुठं?" आजी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "खुर्चीत, साहेब. आडवं झालं की कळ येती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "अक्का, 'बरं हाय' ही तब्येत न्हाय, ही रीत हाय आमच्याकडची. डॉक्टरनं एवढं केलं, मग त्याच्या तोंडावर दुखतंय म्हनून कसं सांगायचं? सोबतच्याला विचारायचं."

मला ते 'अक्का' म्हणत, वयाने मी त्यांच्या मुलीएवढी असूनही. कर्नाटकच्या सीमेवरच्या उसाच्या गावातला हा माणूस. घरात मराठी, भावाशी फोनवर कानडी आणि चिडले की स्वतःशीही कानडी. आवाज असा, की ऑपरेशन थिएटरमधलं बोलणं जिन्यात ऐकू यावं. पण चीर देताना तोंडातून शब्द निघत नसे. निवृत्तीला आले तरी मणक्यात स्क्रू बसवताना त्यांचा हात बघत राहावासा वाटे. मी मोठ्या शहरात शिकून आले होते, चांगले हात खूप पाहिले होते. असा नाही पाहिला.

माझं वेड वेगळं होतं, आकड्यांचं. देशभरातली हॉस्पिटलं ज्यात आपल्या मणक्याच्या शस्त्रक्रिया नोंदवतात असा एक मोठा डेटाबेस होता. आमचं हॉस्पिटलही त्यात माहिती भरत असे. साठीपुढच्या माणसांच्या कमरेत स्क्रू बसवून मणके जोडले, तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ किती जणांवर येते, हे मी त्यातून काढलं. फारच थोड्यांवर. हजारो माणसांची माहिती, आणि निष्कर्ष असा देखणा! त्यावर शोधनिबंध लिहिला, खाली सरांचं आणि माझं नाव. तो निबंध मोठ्या परिषदेत सरांनी वाचायचा, त्याच व्यासपीठावर त्यांचा सत्कार व्हायचा, असं ठरलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, नवा कोटही शिवून घ्यायला लावला.

आणि मधेच सर नातीच्या बारशासाठी पैंजण घ्यायला हुपरीला गेले.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. शांताबाई त्यातल्याच एक, पैंजणांना डाग देण्यात, म्हणजे सांधे जोडण्यात वाकबगार. त्यांच्या कमरेत सरांनीच स्क्रू बसवले होते, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेले. बघतात तर शांताबाईंच्या जागेवर सून बसलेली आणि शांताबाई दाराला धरून उभ्या. "बरं हाय की साहेब, देवाचा हात तुमचा!" सरांनी चहा मागितला, त्या आत गेल्या, आणि सरांनी सुनेला विचारलं. तिने आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "बेळगावला नेलतं आत्यांस्नी. स्क्रू ढिला झालता, परत कापायला लागलं. साहेबांस्नी वाईट वाटंल, सांगू नको म्हनल्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला डेटाबेसमधली शांताबाईंची नोंद काढायला लावली. ऑपरेशन झालं, बऱ्या होऊन घरी गेल्या, वर्षाने ऑफिसातून फोन केला तेव्हा त्रास नाही, पुन्हा ऑपरेशन नाही. बेळगावच्या हॉस्पिटलात त्यांची नोंद नवीन पेशंट म्हणून झालेली. एका बाईच्या दोन बाया झाल्या होत्या, आणि आमच्या वाट्याची बाई ठणठणीत होती. माझ्या निबंधात ती यशात जमा होती.

सरांनी ती नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मी खोलीत बसून सोबतच्याला विचारतोय, आनि माझंच हापिस फोनवर 'बरं हाय' लिहून घेतंय. वा रं मगदूम!"

मग आमची फिरती सुरू झाली. आमच्या हॉस्पिटलातून त्या निबंधात गेलेले जेवढे पेशंट सापडतील तेवढ्यांच्या घरी. आजऱ्याला एका बाईंनी काजू पुढ्यात ठेवले आणि बरं आहे म्हणाल्या. त्या खरोखरच बऱ्या होत्या, डोक्यावर घागर घेऊन दाखवली. गगनबावड्याला धो धो पावसात एकाच्या घरी पोचलो, तर त्याचं दुसरं ऑपरेशन पुण्यात होऊन गेलेलं. असे आणखीही निघाले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी आधी "बरं हाय की." एकानेही तक्रार केली नाही, हे सरांच्या जिव्हारी लागलं.

परतीच्या वाटेवर मी चिडले. सत्कार त्यांचा होता, तो जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. "सर, देशभरचे हजारो पेशंट आहेत त्यात. आपल्या चार माणसांनी काय फरक पडतो?"

"अक्का," ते काचेबाहेर बघत म्हणाले, "सगळ्या गावांत कुनीतरी असंच 'आपली चारच मानसं' म्हनत असंल की."



परिषदेत ते नवा कोट घालून उभे राहिले आणि निबंध मागे घेतो म्हणाले. पडद्यावर एकही आलेख नव्हता. त्यांनी शांताबाईंची हकिगत सांगितली, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव वगळून. सभागृहात कुजबुज झाली. एकाने उठून कुत्सितपणे विचारलं, "म्हणजे डेटाबेस बंद करायचे का?"

"न्हाय हो," सर म्हणाले. "जत्रा किती भरलीया ते टेकडीवरनंच दिसतंय. पर कुनाचं पोर हरवलंय ते कळायला खाली उतरायला लागतंय."

टाळ्या झाल्या, पण बेताच्या. सत्काराची शाल त्यांनी घेतली नाही. तो माणूस मला त्या दिवशी आयुष्यात पाहिलेल्या कुणाहीपेक्षा मोठा वाटला, हे इथे सरळ लिहून टाकते.

सर निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी त्यांचीच कंबर गेली. ऑपरेशन मीच करायचं, हा त्यांचा हट्ट. नंतर हात धुताना मी रडले. सगळं उत्तम झालं असं मला वाटत होतं.

परवा वर्ष झालं म्हणून फोन केला. "कसं आहे, सर?"

"बरं हाय की!" खणखणीत आवाज आला.

मी फोन ठेवला आणि गाडी काढली. दार काकूंनी उघडलं. मी चप्पलही न काढता विचारलं, "काकू, सर झोपतात कुठे?"

काकूंनी खाली बघितलं. "खुर्चीत. तुला सांगू नको म्हणाले. पोरीला वाईट वाटेल म्हणाले."

आतून आवाज आला, तोच, जिन्यापर्यंत पोचणारा. "आलीस न्हवं? बघत हुतो, येतीस का मला आकड्यात धरून गप बसतीस."

हॉस्पिटलात परतून मी डेटाबेस उघडला. त्यांच्या नावासमोर, शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. त्याच्या शेजारी लिहिलं, 'त्रास कायम', आणि सरांना उद्या तपासणीसाठी घेऊन या, सोबत तुम्हीही या, असं सांगायला काकूंना फोन लावला.