चेहरा ठेवला, नाव गाळलं

लोणावळ्याला लोक थंड हवा खायला जातात. मी भांडायला गेले.

झालं असं, आमच्या गडावर इतिहासाची फिल्म निघाली. शूटिंगवाले मुक्कामाला पाटलाच्या बंगल्यात, जेवायला माझ्याकडे. पिठलं वाढता वाढता कॅमेऱ्यापुढं सगळं सांगितलं त्यांना. आमचं घर मेटकऱ्याचं. मेट म्हणजे गडाच्या निम्म्या वाटेवरची चौकी. आमच्या वाडवडिलांना विचारल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. म्हणून जत्रेत पहिला नारळ मेटावर आमचा, मग वर पाटलाचा. नवरा गेल्यापासून मीच फोडते.

आणि परवा जत्रा कमिटीचा बबन दारात उभा. "आज्जे, औंदा पयला नारळ पाटलांचा. फिल्ममदी तसंच हाय, पाटलांकडं बघितली."

"तू जत्रंत वाढला का फिल्ममदी रं?"

"आता जग तेच खरं मानणार, आज्जे."

रविवारी लोणावळ्यात फिल्म दाखवणार होते. नातीला म्हणलं, चल.

टाकव्याहून कान्ह्यापर्यंत शेअर रिक्षा. भरल्याशिवाय हलत नाही, कुणाची पिशवी मांडीवर येईल नेम नाही. कान्ह्याहून लोकल, तिकीट किरकोळ. पण दुपारच्या गाड्या कमी, वेळ बघून निघा, नाहीतर फलाटावर शेंगा फोडत बसा. लोणावळ्यात स्टेशनाबाहेर वडापाव गरम मिळाला. चिक्की मात्र चाखूनच घ्या, शिळी गळ्यात मारतात.

हॉलमध्ये नुसता गारठा. पडद्यावर वरून गड दिसला. खोटं कशाला बोलू, लय देखणा. मग फेट्यातला पाटील, नावासकट, 'गडाचे परंपरागत रखवालदार'. त्याचा नारळ फुटला. त्याच्यानंतर मी. माझं बोलणं काढून बासरी घातलेली, वर जाड आवाजात कुणीतरी म्हणतंय, 'गावातील एक भाविक वृद्धा.'

संपल्यावर दिग्दर्शकाला गाठलं. पोरगा गोड बोलणारा.

"मावशी, तासाभरात सगळं बसत नाही. काहीतरी गाळावं लागतं."

"माझं थोबाड बसलं, मग नावच कसं बसंना?"

"एकाच घराण्याची गोष्ट असली की लोकांना पटकन कळते."

"पाटलाच्या गादीवर झोपला व्हता, ते बी पटकन कळतं."

मागचे हसले. त्याचे कान लाल झाले.

"पुढच्या फिल्ममध्ये नक्की, मावशी. ही आता बदलता येत नाही."

"जत्रा आता हाय, बाबा. तुजी पुडची फिल्म येस्तवर माज्या गवऱ्या मसणात जातील."

परतीच्या गाडीत नात म्हणाली, "आजी, जाऊ दे ना." जाऊ कसं देऊ? तांदूळ निवडताना मीही टाकते. पण फेकतेय तो खडा आहे की दाणा, एवढं तरी बघते. ह्यांनी दाणा फेकला आणि वर ताट सजवून लोकांपुढं ठेवलं.

घरी येऊन बबनला निरोप धाडला. पाटलाला पहिला नारळ फोडायचा तर खुशाल फोडू दे. पण गडाला वाट एकच, ती मेटावरून जाते, आणि जत्रेदिवशी पहाटेपासून मी तिथं वाटेत बसणार आहे. वर जायचं असेल त्यानं आधी मला विचारायचं. पाटलानंसुद्धा.